यंत्र वाट कशाची पाहते?

नाणे मावळातल्या एका शाळेच्या संगणक खोलीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जुलै चालू होता. खिडकीबाहेर भाताची लावणी आणि खोलीत आठ संगणक. कुठल्याशा कार्यालयाने नवे घेतल्यावर जुने शाळेला दिलेले. दोन जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, त्यावर लिनक्स. यूपीएस होते, पण त्यांच्या बॅटऱ्या कधीच्याच बसलेल्या. तासिका पस्तीस मिनिटांची. तेवढ्या वेळात वीज तीनदा गेली आणि आली. प्रत्येक वेळी यंत्र सुरू होऊन हाताशी यायला पावणेचार मिनिटे लागत होती. पहिली सुरुवात धरली तर चारदा, म्हणजे पंधरा मिनिटे. मुले हाताची घडी घालून काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. पडद्यावर तांबड्या चांदण्या डावीकडून उजवीकडे सरकत होत्या आणि शेजारी सेकंद मोजले जात होते. मर्यादा लिहिली होती दीड मिनिट.

गुरुजी म्हणाले, "यंत्रं म्हातारी झाली आहेत, नवी आली की बघू." मलाही तेव्हा तसेच वाटले. पण त्या दीड मिनिटाचे कारण शोधल्यावर जे सापडले त्याने माझी समजूत बदलली. कधीतरी डिस्कची नवी मांडणी करताना कोणीतरी स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायला, राखलेला विभाग पुसून पुन्हा बनवला होता. नव्या विभागाला नवा ओळखक्रमांक मिळाला. मात्र सुरुवातीला कोणकोणते विभाग जोडायचे हे सांगणाऱ्या एफएसटॅब नावाच्या फायलीत जुनाच क्रमांक राहिला. त्यामुळे यंत्र दर वेळी अस्तित्वात नसलेल्या विभागाची नव्वद सेकंद वाट पाही, मग आशा सोडून पुढे जाई. ती एक ओळ दुरुस्त केली आणि पावणेचार मिनिटांची सव्वादोन झाली. खर्च शून्य. त्या यंत्रात महागडी एसएसडी बसवली असती तरी ती नव्वद सेकंद तशीच राहिली असती, कारण तेथे डिस्कच्या वेगामुळे अडत नव्हतेच.

हे पुस्तक त्या खोलीसारख्याच खोल्यांमधून उभे राहिले आहे. वडगाव, कामशेत, पवनानगर, लोणावळा या टापूतल्या शाळा, ई-सेवा केंद्रे, फोटो स्टुडिओ, चिक्कीच्या दुकानातले बिलाचे काउंटर, अशा ठिकाणच्या यंत्रांवर दोघा लेखकांनी काही वर्षे काम केले आणि टिपणे ठेवली. प्रस्तावनेत मला त्यांच्या प्रकरणांचा गोषवारा द्यायचा नाही. लिनक्सचा वेग हा विषय केवढा आहे, तो कुठून आला आणि त्यात कोणत्या वाटा आहेत, एवढे नव्या वाचकासाठी सांगायचे आहे.

सुरुवात डिस्कपासून करू. फिरत्या डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते. त्याआधी ते डोके योग्य वर्तुळावर सरकायला हवे, त्यालाही काही मिलिसेकंद जातात. हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरून अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने करू शकते. एकाच मोठ्या फायलीत सलग वाचायला सांगितले तर तीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात. म्हणूनच सलग वाचनाचा आकडा चांगला दिसूनही यंत्र सुरू व्हायला रखडते. हा भेद नवशिक्याच्या ध्यानात येत नाही आणि सगळा घोळ तेथून सुरू होतो.

पुणे–लोणावळा लोकलचे उदाहरण मावळातल्या वाचकाला पटकन समजेल. समजा गाडीने प्रवाशांच्या हाकेसरशी धावायचे ठरवले: आधी मळवली, मग दापोडी, मग कामशेत, पुन्हा मागे चिंचवड. दिवस जाईल आणि गाडी रिकामीच पळेल. त्याऐवजी ती शिवाजीनगर, खडकी, दापोडी अशी ओळीने थांबत लोणावळ्याला पोचते आणि तशीच परतते. डिस्ककडे आलेल्या मागण्या जागेच्या क्रमाने लावून डोके एका दिशेने नेण्याची युक्ती हीच. तिला लिफ्टची युक्ती म्हणतात, लिफ्टही मजले असेच घेते. पण तळेगावच्या फलाटावर उभा असलेला माणूस किती वेळ थांबणार, हा प्रश्न उरतोच. डिस्कच्या रांगा लावणाऱ्या शेड्यूलरांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला दिलेली निरनिराळी उत्तरे.

लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६ मालिकेत ही उत्तरे शेजारी शेजारी नांदत होती. डेडलाइन शेड्यूलर प्रत्येक मागणीला मुदत घालून देई. निक पिगिन यांचा अँटिसिपेटरी शेड्यूलर एक वाचन झाल्यावर क्षणभर थांबे, कारण त्याच प्रोग्रॅमची पुढची मागणी बहुधा जवळचीच असते. येन्स आक्सबो यांचा सीएफक्यू सगळ्या प्रोग्रॅमना डिस्कचा वेळ वाटून देई. २०१४ च्या जानेवारीत आलेल्या ३.१३ कर्नलमध्ये एकाच रांगेऐवजी अनेक रांगांची नवी मांडणी आली, कारण एसएसडीला सरकणारे डोकेच नाही आणि एका रांगेत सगळ्यांना उभे करणे हाच तिच्यापुढचा अडथळा ठरू लागला होता. २०१९ मध्ये ५.० कर्नलमधून जुनी मांडणी काढून टाकली गेली. आज निवड राहिली आहे ती एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू, कायबर आणि काहीच शेड्यूलर न लावणे, यांत. फिरत्या डिस्कवर मोठी फाइल कॉपी होत असतानाही माउस आणि खिडक्या हलत्या ठेवायच्या असतील तर बीएफक्यू उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. लेखक एमक्यू-डेडलाइनच्या बाजूने आहेत. त्यांच्या मोजण्या पुस्तकात आहेत, वाचकाने आपल्या यंत्रावर त्या पुन्हा करून पाहाव्यात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिनक्सकडे वळलेल्यांना एचडीपार्म हे नाव आठवत असेल. मार्क लॉर्ड यांनी लिहिलेला हा लहानसा प्रोग्रॅम. त्या काळी पुष्कळ यंत्रांवर डीएमए बंद असे आणि डिस्कवरचा प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः वाहून आणावा लागे. एचडीपार्मने एक आज्ञा दिली की डिस्क थेट मेमरीत माहिती ओतू लागे आणि वेग कित्येक पट वाढे. ही आज्ञा तोंडोतोंडी पसरली आणि त्याबरोबर एक खोडही लागली: कळो न कळो, सापडेल ती आज्ञा चालवून पाहायची. चुकीच्या पर्यायाने डिस्कवरची माहिती खराब होऊ शकते, असा इशारा त्या प्रोग्रॅमच्या मार्गदर्शिकेतच आहे. आज कर्नल डीएमए स्वतःच सुरू करतो, ती आज्ञा निकामी झाली आहे, तरीही लोक ती चालवतात.

आता फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, कारण मावळात वेगाचा खरा कस येथे लागतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले तेव्हा ते मिनिक्स या दुसऱ्या प्रणालीची फाइल सिस्टीम वापरत होते. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांची ईएक्सटी आली, पुढच्याच वर्षी ईएक्सटी२. ती वेगवान होती, पण वीज अचानक गेली की पुढच्या वेळी पूर्ण डिस्क तपासून काढावी लागे. डिस्क जितकी मोठी तितकी तपासणी लांब. २००१ मध्ये स्टीफन ट्वीडी यांच्या ईएक्सटी३ ने त्यात जर्नल आणले. दुकानदार व्यवहार झाला की आधी कीर्दीत नोंद करतो आणि सवडीने खतावणीत उतरवतो. मधेच काही घडले तर कीर्दीची शेवटची पाने पाहिली की पुरे, सगळी खाती तपासावी लागत नाहीत. जर्नलचे काम हेच. वीज गेल्यानंतर अर्धा तास चालणारी तपासणी काही सेकंदांवर आली. माझ्या मते वारंवार वीज जाणाऱ्या प्रदेशासाठी लिनक्समध्ये झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा, आणि तिला कोणी वेगाची सुधारणा म्हणत नाही.

२००८ च्या डिसेंबरात २.६.२८ कर्नलबरोबर ईएक्सटी४ स्थिर म्हणून जाहीर झाली. तिने एक नवी युक्ती आणली: प्रोग्रॅमने लिही म्हटले तरी डिस्कवर जागा लगेच ठरवायची नाही. थोडे साठू द्यायचे, मग एकगठ्ठा सलग जागा द्यायची. वेग वाढला. पण २००९ मध्ये तक्रारी आल्या की यंत्र मधेच बंद पडल्यावर सेटिंगच्या फायली शून्य आकाराच्या झाल्या. पूर्वी काही सेकंदांत डिस्कवर जाणारी माहिती आता जास्त वेळ मेमरीतच राहात होती. ईएक्सटी४ चे एक प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की महत्त्वाचे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ते डिस्कवर पोचल्याची खात्री स्वतः मागून घ्यायला हवी, तसा नियमच आहे. वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की आमच्या फायली गेल्या. दोघेही बरोबर होते. कर्नलमध्ये नेहमीच्या प्रसंगांसाठी बचाव घातला गेला, पण वाद संपला नाही आणि संपणारही नाही, कारण लिहिण्यातला वेग नेहमी न लिहिलेल्याच्या भरवशावर मिळतो.

लोणावळ्याच्या स्टुडिओत हे दर मोसमात घडते. छायाचित्रे पेनड्राइव्हवर टाकली, पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, गिऱ्हाइकाने पेनड्राइव्ह ओढून घेतला आणि घरी गेल्यावर निम्मी छायाचित्रे उघडत नाहीत. पट्टी खोटे बोलली नव्हती. माहिती मेमरीत पोचली होती, पेनड्राइव्हवर पोचायची होती. सर्वसाधारण मांडणीत कर्नल न लिहिलेली माहिती सुमारे तीस सेकंद बाळगतो आणि उपलब्ध मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत ती साठू देतो. आठ जीबीच्या यंत्रावर हा ढीग दीड जीबीच्या घरात जाऊ शकतो. हा ढीग वाढवा, अमुक अडसर काढा, जर्नलची नोंद पाच सेकंदांऐवजी दहा मिनिटांनी करा, असे सल्ले वेगाच्या नावाखाली सर्रास दिले जातात. यूपीएस आणि जनरेटर असलेल्या पुण्याच्या डेटा सेंटरात त्यांतले काही चालतीलही. आंदर मावळात आषाढात चालणार नाहीत. रेल्वेचेच पाहा: बोरघाटाचा चढ सदतिसास एक असा आहे. तो उतरताना गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी या ठिकाणी ब्रेक तपासण्यापुरत्या थांबतात. तो थांबा काढून दोन मिनिटे वाचवावीत, असे घाटात गाडी चालवलेला माणूस म्हणणार नाही. या पुस्तकात असे सल्ले स्पष्ट शब्दांत नाकारले आहेत आणि पुस्तकातले हे मला सर्वांत आवडलेले आहे.

मेमरीबद्दल थोडेच. नवा माणूस मोकळी रॅम किती हे पाहतो आणि ती जवळपास शून्य दिसली की घाबरतो. पण लिनक्स रिकामी रॅम डिस्कवरून वाचलेल्या गोष्टी साठवायला वापरतो आणि प्रोग्रॅमने मागितली की परत देतो. श्रावणात वळवणचे धरण काठोकाठ भरले की पाणी संपले असे कोणी म्हणत नाही. चिंता खरोखर करायची ती स्वॅप सतत वाचला-लिहिला जाऊ लागला तर. दोन जीबीच्या यंत्रांना झेडरॅमने, म्हणजे रॅमचाच एक भाग दाबून स्वॅपसारखा वापरण्याने, बराच आधार मिळतो.

सुरुवातीच्या वेळेचा इतिहास डिस्कपेक्षा जास्त वादळी आहे. जुन्या सिस्टम-फाइव्ह पद्धतीत सेवा एकामागून एक सुरू होत. छपाईची सेवा नेटवर्कसाठी खोळंबे आणि लॉगिन छपाईसाठी, दोघांचा संबंध असो नसो. २००४ मध्ये आलेल्या बूटचार्टने या रांगेचे चित्र काढून दाखवले आणि प्रोसेसर व डिस्क दोघेही कितीतरी वेळ रिकामे बसलेले प्रथमच डोळ्यांना दिसले. २००६ मध्ये उबुंटूने त्या जुन्या पद्धतीच्या जागी अपस्टार्ट आणले. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सिव्हर्स यांचे सिस्टमडी आले. सेवांमधले निरोप जेथून जायचे ती दारे आधी उघडून ठेवायची आणि सेवा एकाच वेळी सुरू करायच्या, ज्याला दुसऱ्याची खरोखर गरज लागेल तोच थांबेल, अशी त्याची मुख्य कल्पना. २०११ मध्ये फेडोरा १५ ने आणि २०१५ मध्ये डेबियन ८ ने ते स्वीकारले. त्यावर झालेली भांडणे कडवी होती. एकाच प्रोग्रॅमने किती गोष्टी ताब्यात घ्याव्यात, हा आक्षेप आजही वजनदार आहे. पण सुरुवातीच्या वेळेचा हिशेब मागण्याची सोय त्याने सामान्य माणसाच्या हाती दिली, हे मान्य करायला हवे.

त्या सगळ्यात मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो २००८ च्या सप्टेंबरातला प्रयोग. इंटेलमधले आर्यन व्हॅन डे व्हेन आणि आउके कॉक यांनी असुसचा छोटा ईईई पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. तोवर सगळे "आणखी वेगात" म्हणत. यांनी आधीच पाच सेकंद ठरवली आणि घरखर्चासारखी वाटून दिली: कर्नलला एक, सुरुवातीच्या सेवांना एक, चित्रपटलाला एक, डेस्कटॉपला दोन. ज्याचे काम वाटणीत बसणार नाही त्याने आपले काम बदलायचे. आणखी एक अट होती. पडदा दिसणे म्हणजे सुरू होणे नव्हे, डिस्क आणि प्रोसेसर शांत झाले की मगच यंत्र सुरू झाले असे म्हणायचे. शाळेतल्या मुलांचेही मोजमाप हेच आहे. चित्र दिसते पण माउस हलत नाही, याला ती सुरू झालेले यंत्र मानत नाहीत.

या क्षेत्रातले लोक स्वभावाने वेगवेगळे असतात. काहींना वगळणे आवडते: ब्लूटूथ नाही तर त्याची सेवा नको, हलका डेस्कटॉप घ्या. काही लागणार ते आधीच मेमरीत आणून ठेवतात. काही कर्नल स्वतःच्या यंत्रापुरता कापून शिवतात. मी तरुणपणी यांतलाच होतो आणि त्यात गेलेल्या रात्री वाचलेल्या सेकंदांच्या मानाने फार होत्या. काही म्हणतात, डिस्क बदला. हे शेवटचे म्हणणे पैशाच्या हिशेबाने बहुतेक वेळा बरोबर असते, हे पुस्तकही सरळ मान्य करते. साधी साटा एसएसडी विखुरलेली वाचने सेकंदाला हजारोंनी करते. फक्त ती घेण्याआधी वाट कशाची आहे हे मोजून घ्यावे. मोजतानाही एक सापळा आहे. सिस्टमडीला प्रत्येक सेवेचा वेळ विचारला की सर्वांत वर दिसणारी सेवा दोषी वाटते. ती कोणालाच अडवत नसेल, बाजूला आपले काम करत असेल, तर तिला काढून एक सेकंदही वाचत नाही. कोणी कोणासाठी थांबले ती साखळी पाहावी लागते. आणि डिस्क अचानक मंद झाली असेल तर आधी स्मार्टसीटीएलने तिची प्रकृती पाहावी. खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या डिस्कला कोणतीही सेटिंग वाचवत नाही. त्या दिवशी करायचे काम एकच, फायली दुसरीकडे हलवणे.

पुण्याचे आणि या विषयाचे नाते जवळचे आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये, म्हणजे लिनक्स जन्मले त्याच वर्षी, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा राहिला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष महासंगणक आला. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. पुण्याच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने सिंबायोसिसच्या संगणक संस्थेबरोबर ग्नूनिफाय ही परिषद वर्षानुवर्षे भरवली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकवले. घाटमाथ्यावरचा पाऊस जेथे गणिताने मोजला जातो ते यंत्र आणि तोच पाऊस खिडकीबाहेर असताना विजेसाठी थांबलेले शाळेतले यंत्र, दोन्ही एकाच कर्नलवर चालतात. पहिल्याच्या वेगाची काळजी घ्यायला तज्ज्ञ आहेत. दुसऱ्यासाठी मराठीत सलग, विश्वासाने वाचावे असे लेखन मला हवे होते.

आणि ते आत्ता हवे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मदत थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. त्यांतले बरेच भंगारात जातील. काही शाळांना मिळतील आणि तेथे कोणीतरी त्यांवर लिनक्स घालील. पहिल्याच आठवड्यात ते मंद वाटले तर कपाटात जातील. ही वेळ येऊ नये म्हणून लागणारे ज्ञान फार अवघड नाही, ते फक्त विखुरलेले आहे. त्यातले निम्मे वीस वर्षांपूर्वीच्या डिस्कांसाठी लिहिलेले आहे. फाइल वाचली की वाचल्याची वेळ नोंदवू नये म्हणून नोएटाइम लावा, हा सल्ला घ्या. २००९ पासून कर्नल आपणहून रेलएटाइम वापरतो, त्यामुळे त्या सल्ल्याचा बहुतेक फायदा आधीच मिळालेला असतो. कोणता सल्ला अजून खरा आहे आणि कोणता शिळा झाला, हे निवडून देण्यासाठी लेखकांनी घेतलेले कष्ट पानोपानी दिसतात.

सर्व्हरची शेती, झेडएफएस, मोठे डेटाबेस यांना पुस्तकाने हात लावलेला नाही. ते योग्यच झाले. जे आहे ते एका शिस्तीने आहे: आधी मोजा, एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा, पुन्हा मोजा, फरक नसेल तर मागे घ्या. मागे कसे घ्यायचे हे प्रत्येक बदलाआधी सांगितले आहे. यंत्र सुरूच झाले नाही तर काय करायचे, हा भाग सर्वांत पुढे आणला आहे.

नाणे मावळातल्या त्या खोलीत अशी वही अजून आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर ३ मिनिटे ४६ सेकंद अशी नोंद आहे. स्वॅपची ओळ, नको त्या सेवा, हलका डेस्कटॉप, ग्रबच्या सुरुवातीच्या यादीची दहा सेकंदांची वाट दोनवर, असे करत गेल्या दिवाळीपर्यंत आकडा १ मिनिट १८ सेकंदांवर आला. डिस्का त्याच आहेत. आठांपैकी सहा नंबरचे यंत्र मात्र बाकीच्यांपेक्षा वीस सेकंद जास्त घेते आणि का, हे ना लेखकांना सापडले ना मला. नववीतल्या एका मुलीने केबल बदलून पाहिली, काही फरक पडला नाही, तसे तिने तारीख घालून लिहून ठेवले आहे. त्याखाली पुढच्या शनिवारी रॅमची पट्टी बदलून पाहायची, असे पेन्सिलीने लिहिले आहे.